हरवलेल्या शब्दाची नोंदणी कशी करावी

१५ एप्रिलला मी एक पोस्ट टाकली. २०१४ साली त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं नालसा निकालात आम्हा हिजड्यांना तिसरं लिंग म्हणून ओळख देत माणसांत मोजलं, म्हणून निकालाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि खाली, 'मी हिजडा आहे. संध्याकाळी या, चहा आहे.' चहाला आधण ठेवेपर्यंत साइटच्या यंत्रानं पोस्ट उडवली. कारण: द्वेषमूलक भाषा. द्वेष कोणाचा? माझा. केला कोणी? मी.

तुमच्याही समाजाचा शब्द असाच उडत असेल, तर हा फुकटचा सल्ला घ्या: त्याचा ट्रेडमार्क काढा. 'हा शब्द आमचा' असं माणूस म्हणाला तर यंत्राला ऐकू येत नाही. मालक म्हणाला की येतं. मालकांसाठी तक्रारीचा वेगळा फॉर्मच असतो.

आधी माल-सेवांचा वर्ग निवडा. एकूण ४५ आहेत. नाचगाणं ४१मध्ये, म्हणजे आपली बधाई, लग्नाबारशातलं नाचगाणं, तिथे. मसाले ३०मध्ये. नोंदणी माल आणि सेवांसाठी मिळते, जगण्यासाठी नाही, तेव्हा 'हिजडा गरम मसाला' काढायची तयारी ठेवा. सिग्नलवरची मंगती कुठल्या वर्गात, हे वकिलालाही सांगता आलं नाही.

नोंदणीआधी गोलातलं आरचं चिन्ह लावू नका, गुन्हा आहे. (बाकीचे गुन्हे आपल्यावर आपोआप लागतात, हा तरी टाळा.)

आवाजाचीही नोंद होते, ३० सेकंदांपर्यंत. टाळी पाठवून बघा.

आता अमेरिकेतल्या बायकांकडून चिकाटी शिका. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड, म्हणजे आपल्यासारख्यांच्या अभिमानाच्या, मिरवणुकीत १९७६ पासून मोटरसायकलवर पुढे असणाऱ्या या लेस्बियन. 'डाइक' ही त्यांना दिली जाणारी शिवी. ती त्यांनी उचलली आणि नाव ठेवलं 'डाइक्स ऑन बाइक्स'. २००३ला अर्ज केला. ट्रेडमार्क कार्यालय म्हणालं, या नावानं लेस्बियनांचा अपमान होतो. अहो, अर्ज कोणाचा आहे? मग तज्ज्ञांची प्रतिज्ञापत्रं जोडा, की आम्ही आमचा अपमान करत नाही आहोत! २००५ला कार्यालय वळलं, तर एका पुरुषानं हरकत घेतली: यात पुरुषांचा अपमान आहे. २००७ला अपील कोर्टानं त्याला वाटेला लावलं. चार वर्षं गेली, स्वतःच्या नावासाठी! पुढे 'द स्लँट्स' नावाच्या आशियाई वंशाच्या बँडनं २०१७ला थेट सर्वोच्च न्यायालयात जिंकून अपमानास्पद नावांवरची बंदीच उडवली. आनंद झाला ना? त्याच निकालानं वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या 'रेडस्किन्स' नावाची नोंदणीही वाचली. शिवी तिथल्या मूळनिवासींना दिलेली, मालकी संघाची. म्हणजे ज्याची जखम त्याचा शब्द, असं कायदा म्हणतच नाही. ज्याचा अर्ज त्याचा शब्द. उद्या कुणी टी-शर्टवाला आमच्याआधी रांगेत उभा राहिला की मी माझ्या छातीवर काय लिहायचं ते त्याला विचारायचं? आणि आपल्याकडे तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९मध्ये 'लज्जास्पद' मजकुराला अजून मनाई आहेच. लज्जा कशाची वाटते ते साहेब ठरवणार.

आणि समजा, मिळाला ट्रेडमार्क. माझी पोस्ट परत येईल? नाही येणार. तो कागद दुसऱ्याला धंद्यात अडवायला असतो, मला बोलू द्यायला कुणाला भाग पाडत नाही. मग नाशिकच्या माझ्या गुरुबहिणीनं मसाला काढला तर मीच तिच्यावर नोटीस धाडायची?

माझ्याच फोटोखाली 'ए छक्क्या, मर' असं एकानं लिहिलंय. तीनदा तक्रार केली. तीनदा उत्तर आलं, नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. अरे, 'मी' आणि 'ए' यातला फरक पहिलीतल्या पोराला कळतो! एवढे पैसे कमावता, मराठी वाचणारी चार माणसं ठेवता येत नाहीत? शब्दाच्या आधीचा एक शब्द तरी वाचा.

आणि 'तृतीयपंथी लिही ना, सभ्य वाटतं' म्हणणाऱ्या ताई-दादांनो, तुम्हीही जरा गप्प बसा. लाज तुम्हाला वाटते, शब्द मी का बदलू? पोस्ट परत टाकली आहे. चहाही पुन्हा ठेवलाय.