‘पॅकेट वाचणं हे एका संध्याकाळचं काम’: नाही, तसं नाही

सोलापुरातल्या इंजिनीअरिंगच्या मुलांच्या गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. शेवटच्या वर्षाला यूडीपीवर (पोचेल याची हमी न देता डेटा पाठवायची साधी पद्धत) स्वतःचा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल, म्हणजे दोन संगणकांत डेटा नेण्या-आणण्याचे नियम, उभा करणाऱ्यांसाठी तो लिहिलेला आहे. त्याचं म्हणणं असं: प्रोटोकॉलचा मेंदू पाठवणाऱ्या बाजूला असतो. गर्दी ओळखून वेग कमी करणं, हरवलेलं पुन्हा पाठवणं, सगळी अक्कल तिथे लागते. आलेलं पॅकेट (नेटवर्कवरून येणारा डेटाचा एक तुकडा) वाचायचा भाग किरकोळ, एका संध्याकाळी लिहून होतो. याच्यासाठी त्यात सहा कारणं दिली आहेत.

पाठवणारी बाजू अवघड आहे, यात वाद नाही. पण जुळे सोलापुरात माझ्याकडे संध्याकाळी बसायला येणाऱ्या तीन मुलांनी या मेसेजवर भरवसा ठेवून पार्सर, म्हणजे आलेलं पॅकेट वाचणारा कोड, लिहूनही टाकला, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

पहिलं कारण: ‘हेडरचा आराखडा ठरलेला असतो. तसं स्ट्रक्चर बनवा, बफरवर त्याचा पॉइंटर ठेवा, फील्ड वाचा.’

हेडर म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीचा माहितीचा भाग, फील्ड म्हणजे त्यातला एकेक आकडा, आणि बफर म्हणजे आलेलं पॅकेट ठेवलेली मेमरी. ही युक्ती तुमच्या लॅपटॉपवर बरेचदा चालते, म्हणूनच फसवते. नेटवर्कवर मोठा बाइट आधी येतो, तुमचा प्रोसेसर लहान बाइट आधी धरतो. पोर्ट ८० सरळ वाचलात तर २०४८० दिसतो. स्ट्रक्चरमध्ये कंपायलर मध्येच रिकाम्या जागा सोडू शकतो, आणि बिटांची फील्ड कुठल्या टोकाकडून भरायची हेही तोच ठरवतो. इथरनेटचं (केबलवरच्या थराचं) हेडर १४ बाइटांचं असल्यामुळे त्यामागचं आयपी हेडर (पत्त्याच्या थराचं) चारच्या पटीतल्या पत्त्यावर पडत नाही, आणि काही प्रोसेसर अशा पत्त्यावरून ३२ बिट वाचायला नकार देतात. एकेक बाइट उचलून संख्या जुळवणारी चार छोटी फंक्शन लिहा, ती सगळीकडे वापरा. हा मुद्दा इथेच संपतो.

दुसरं कारण: ‘लांबी हेडरमध्येच लिहिलेली असते. ती वाचा आणि तेवढा डेटा घ्या.’

सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या मार्केट यार्डात कांद्याची गाडी येते तेव्हा गाडीवाला वजन सांगतो. अडत्या ते ऐकून घेतो, पण शेतकऱ्याची पट्टी काट्यावरच्या वजनानेच निघते. हेडरमधली लांबी म्हणजे गाडीवाल्याने सांगितलेलं वजन. प्रत्यक्ष किती बाइट हातात आले, तो काटा. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टीसीपीचं, म्हणजे हरवलेलं पुन्हा पाठवून डेटा क्रमाने पोचवणाऱ्या नेहमीच्या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलचं, उदाहरण घ्या. हेडर किती लांब हे चार बिटांत लिहिलेलं असतं, ३२ बिटांच्या शब्दांत मोजून. कमीत कमी ५ म्हणजे २० बाइट, जास्तीत जास्त १५ म्हणजे ६० बाइट. आता ४० बाइटांचं आयपी पॅकेट आलं. त्यातले २० आयपीचे, उरले २०, आणि टीसीपी हेडर म्हणतंय ‘मी ६० बाइटांचं’. डेटाची लांबी काढायला वजाबाकी केली की उत्तर येतं उणे ४०. चिन्ह नसलेल्या ३२ बिटांच्या संख्येत हेच उणे ४० म्हणजे ४२९४९६७२५६. पुढचं फंक्शन इमानदारीने चार अब्जांहून जास्त बाइट कॉपी करायला निघतं. तीनसारखा आकडा आला तर उलटी गडबड: डेटा कुठून सुरू होतो हेच चुकतं. यूडीपीत लांबीच्या आकड्यात स्वतःचे ८ बाइट धरलेले असतात, त्यामुळे तिथे ८ च्या खालचा आकडा बरोबर असूच शकत नाही. आला तर पॅकेट टाकून द्या.

आणि आलेले बाइट नेहमी कमीच पडतात असंही नाही. इथरनेटच्या फ्रेममध्ये किमान ४६ बाइटांचा मजकूर लागतो. डेटा नसलेली टीसीपीची पोच (‘मिळालं’ असं कळवणारं पॅकेट) ४० बाइटांची, म्हणून मागे सहा बाइट भरताड जोडलं जातं. फ्रेमच्या लांबीवर विसंबणारा पार्सर ते सहा बाइट ग्राहकाचा डेटा समजून वरच्या थराला देतो. आयपी हेडरमधली एकूण लांबी घ्यायची, ती आलेल्या बाइटांपेक्षा जास्त नाही हे बघायचं, आणि तिच्यापलीकडचं सोडून द्यायचं.

तपासणी कशी लिहिता यालाही महत्त्व आहे. ‘जागा अधिक लांबी ही शेवटापेक्षा मोठी आहे का’ असं विचारलंत आणि लांबी प्रचंड असली, तर बेरीज गुंडाळून पुन्हा लहान होते आणि तपासणी पास होते. ‘लांबी ही उरलेल्या बाइटांपेक्षा मोठी आहे का’ असं विचारा. उरलेलं किती, हे तुम्ही स्वतः मोजलेलं असतं.

याची किंमत जगाने मोजली आहे. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेला ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष नेमका हाच होता. समोरचा म्हणतो, माझा मजकूर ६४ हजार बाइटांचा, तेवढाच परत पाठव. प्रत्यक्षात त्याने पाठवलेला असतो एखादा बाइट. सर्व्हर सांगितल्याइतकी मेमरी उचलून परत देतो, आणि त्यात दुसऱ्यांचे पासवर्ड असू शकतात. दुरुस्ती काय होती? सांगितलेली लांबी आणि आलेल्या रेकॉर्डची लांबी ताडून बघणारी एक तुलना. मजकूर परत पाठवण्याच्या त्या सोयीच्या आरएफसीत (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचे नियम मांडणारा दस्तऐवज), २०१२ सालीच, असा मेसेज गुपचूप टाकून द्या असं लिहिलेलं होतं.

शून्य लांबीची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी मी मोजणीची यंत्रणा लिहिली. प्रत्येक मागावर एक छोटा बोर्ड, तो मागाच्या फेऱ्या यूडीपीने एका संगणकाला पाठवणार. पॅकेटमध्ये प्रकार, लांबी, मूल्य अशी फील्ड एकामागून एक. माझा लूप दर वेळी लांबीइतका पुढे सरकत असे. एका बोर्डची मेमरी बिघडली आणि त्याने लांबी शून्य पाठवली. लूप त्याच जागी फिरत राहिला. एका मागाच्या बोर्डने अख्ख्या शेडचा फलक गोठवला आणि त्या पाळीची मोजणी गेली. कामगारांचे पैसे त्या मोजणीवर ठरत होते. टीसीपीच्या ऑप्शनमध्ये (हेडरच्या शेवटी जोडायची ऐच्छिक फील्ड) लांबीचा आकडा स्वतःचे दोन बाइट धरून लिहिलेला असतो, म्हणून तिथे ० किंवा १ हे अशक्य आकडे आहेत. पण अशक्य म्हणजे येणार नाही असं नव्हे. त्या दिवसापासून मी लूप लिहिताना आधी हे बघतो, की प्रत्येक फेरीत तो किमान एक बाइट तरी पुढे जातोच ना.

तिसरं कारण: ‘चेकसम जुळला की पॅकेट बरोबर.’

चेकसम म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं का हे ताडायचा आकडा. तो किती बाइटांवर काढायचा? लांबीच्या फील्डमध्ये लिहिलंय तेवढ्यांवर. म्हणजे लांबी आधी तपासावीच लागते, चेकसम तिच्यानंतर. शिवाय टीसीपी-यूडीपीचा चेकसम ही १६ बिटांची साधी बेरीज आहे. दोन १६ बिटी शब्दांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच. २००० साली स्टोन आणि पार्ट्रिज यांनी खरी वाहतूक तपासली, तेव्हा खालच्या थराचा सीआरसी (तसाच, पण जास्त कडक तपासणीचा आकडा) पार करून आलेल्या पॅकेटांपैकी ११०० पासून ३२००० मध्ये एक इतक्या प्रमाणात चेकसम चुकलेला आढळला. इतकी बिघडलेली पॅकेटं येत असतील, तर त्यातली थोडी या बेरजेतूनही निसटणारच. आणि जो मुद्दाम खोटं पॅकेट बनवतो, तो चेकसमही बरोबर बनवतो.

चौथं कारण इंटरनेटच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी एक, जॉन पोस्टेल, यांच्या नावावर आहे: ‘पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. म्हणून पार्सर सैल ठेवा.’

हे वाक्य १९८० च्या सुरुवातीच्या आरएफसींमध्ये खरंच आहे. पण १९८९ च्या आरएफसी ११२२ ने हेच तत्त्व समजावताना सांगितलं, की नेटवर्क दुष्ट मंडळींनी भरलेलं आहे आणि ती जास्तीत जास्त नुकसान करणारी पॅकेटं पाठवतील, असं धरून चाला. मेसेजमध्ये तो भाग गाळलाय. २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये तर सैलपणामुळे प्रोटोकॉल कसे सडतात हे सविस्तर मांडलंय: एकाची चूक दुसरा चालवून घेतो, मग तिसऱ्यालाही ती चूक चालवून घ्यावी लागते, आणि काही वर्षांनी चूक हाच नियम बनतो.

फरक लक्षात घ्या. ओळखीचा नसलेला पण लांबी नीट असलेला ऑप्शन आला, तर तो ओलांडून पुढे जा. उद्या प्रोटोकॉल वाढायचा तर हे हवंच. रचनाच मोडलेली असेल, तर अंदाजाने दुरुस्त करू नका. पहिल्याला उदारपणा म्हणतात, दुसऱ्याला नाही.

पाचवं: ‘इतक्या तपासण्या केल्या तर वेग जाईल.’ आकडे बघू. १० गिगाबिटच्या लिंकवर सगळ्यात लहान फ्रेम सलग आल्या तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४९ लाख पॅकेटं, म्हणजे प्रत्येकी ६७ नॅनोसेकंद. एक तुलना नॅनोसेकंदाच्या आतबाहेर होते. कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत) नसलेलं एक फील्ड मुख्य मेमरीतून आणायला एका तुलनेच्या कितीतरी पट वेळ जातो. वेग हवा असेल तर कॉपी कमी करा, पॅकेटगणिक मेमरी मागणं थांबवा. कॉलेजच्या लॅबमधल्या १ गिगाबिटवर तर प्रत्येक पॅकेटला ६७२ नॅनोसेकंद आहेत.

सहावं: ‘आता क्विकसारखं सगळं एनक्रिप्टेड असतं, बाहेरचा माणूस पार्सरपर्यंत पोचतच नाही.’

मला तर हे उलट वाटतं. क्विक हा यूडीपीवर चालणारा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल. त्यात एनक्रिप्शन उलगडण्याआधीच बरंच वाचावं लागतं: पहिला बाइट, आवृत्ती, कनेक्शन आयडींच्या लांब्या, टोकनची लांबी. पॅकेट क्रमांकही झाकलेला असतो. तो उघडायला, क्रमांक जिथे सुरू होतो तिथून चार बाइट सोडून पुढचे १६ बाइट नमुना म्हणून घ्यावे लागतात. तेवढे बाइट उरलेत का, हे कोण बघणार? पार्सरच. पहिल्या इनिशियल (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटांच्या किल्ल्या तर जगजाहीर सॉल्ट (किल्ली काढताना मिसळायचा ठरलेला आकडा) आणि कनेक्शन आयडीवरून निघतात, त्यामुळे कुणीही परका माणूस नीट उलगडणारं पॅकेट बनवू शकतो. आणि हस्तांदोलन (जोडणीच्या सुरुवातीची देवाणघेवाण) पुरं झालेला समोरचा प्रामाणिक असेलच असंही नाही. आरएफसी ९००० म्हणते, की पोच वाचताना हिशेबात पॅकेट क्रमांक उणे निघाला तर कनेक्शनच चूक दाखवून बंद करा. ही वजाबाकी एनक्रिप्शनच्या आतली आहे.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, आणि मला ती यातल्या निम्म्या मुद्द्यांपेक्षा मोठी वाटते. वाचणं आणि त्यावर कृती करणं एकाच फंक्शनमध्ये मिसळू नका. पॅकेट पूर्ण वाचून तपासून होईपर्यंत कनेक्शनच्या स्थितीला हात लावायचा नाही. नाहीतर तिसऱ्या फील्डला चूक सापडते, तोवर पहिल्या दोन फील्डांनी खिडकी (एका वेळी किती डेटा चालेल ती मर्यादा) आणि टायमर बदललेले असतात, आणि पॅकेट टाकून दिलं तरी त्याचा परिणाम उरतो. मी मुलांना पार्सरला सॉकेट, घड्याळ, कनेक्शन यातलं काहीच देऊ देत नाही. बाइट आत, आणि बाहेर एकतर पूर्ण भरलेला निकाल किंवा नकार. क्रमांक खिडकीत बसतो का, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो फरक काढून सोडवायचा, थेट लहान-मोठं बघून नाही, कारण टीसीपीचा ३२ बिटी क्रमांक १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत फिरून पुन्हा शून्यावर येतो.

असा सुटा पार्सर तपासायलाही सोपा पडतो. काल रात्री आम्ही मुलांच्या प्रोटोकॉलचं ४८ बाइटांचं एक चांगलं पॅकेट घेतलं. ते ० बाइटवर कापलं, मग १ वर, मग २ वर, असं ४७ पर्यंत, आणि प्रत्येक तुकडा पार्सरला दिला. सगळ्यांना नकार मिळायला हवा होता. १७ बाइटांचा तुकडा त्याने स्वीकारला. तो का स्वीकारला हे शोधायला मुलं आज पुन्हा येणार आहेत.