स्वस्तात पडलं म्हणून

महागाईनं कंबरडं मोडतं असं सगळे म्हणतात. आमच्या घराची तऱ्हा वेगळी आहे. महागाईत आमचं घर अगदी शहाण्यासारखं वागतं. २०२३ च्या जुलैत टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा आमच्याकडं कुणी टोमॅटोचं नावही काढलं नाही. आमटीत चिंच पडली, भाजीत आमसूल पडलं, कोशिंबीर काकडीवर भागली आणि महिनाअखेर भाजीच्या डब्यात चक्क पैसे उरले. आमचं दिवाळं काढते ती स्वस्ताई. टोमॅटो दहा रुपये किलो झाले रे झाले, की संध्याकाळी ह्यांच्या स्कूटरवर पायापाशी अख्खा क्रेट. ‘अगं, स्वस्तात पडलं म्हणून घेतलं.’ मग आठवडाभर टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, आणि उरलेल्याचा सॉस. त्या सॉसमागं साखर किती गेली, गॅस किती जळला, हे विचारायचं नाही. दुकानातल्या बाटलीपेक्षा तो महाग पडतो आणि निम्मा पातळ होतो, पण टोमॅटो स्वस्तात पडले होते ना!

म्हणून मी तक्ता करायला लागले. शुक्रवारी रात्री ओटा आवरला की वहीचा कागद घेऊन बसायचं, सात रात्रींची सात जेवणं लिहायची आणि कागद फ्रीजच्या दाराला लावायचा. सांगलीत आठवडा सोमवारी सुरू होत नाही, शनिवारी होतो, कारण बाजार शनिवारचा. भाजी, फळं, अंडी आणि वरची किरकोळ खरेदी मिळून सहा माणसांना आठवड्याला बाराशे रुपये. किराणा वेगळा, तो महिन्याचा.

तक्त्यामागं माझं शास्त्र आहे. पालेभाज्या शनिवार-रविवारीच उरकायच्या, कारण सोमवारी मेथी पिवळी पडते आणि पोकळा मान टाकतो. मग भेंडी, दोडका, गवार. मंगळवारी अख्खा मसूर, त्याला बाजार लागतच नाही. कोबी, दुधी, बटाटा ही चिवट मंडळी बुधवार-गुरुवारपर्यंत कळ काढतात. बुधवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री फडक्यात बांधायची, शुक्रवारी रात्री उसळ. मोड यायला भाव लागत नाही. कागदावर हे सगळं इतकं सुंदर दिसतं की खरं तर आम्ही तो कागदच बघून जेवायला हवं.

तक्ता पहिल्यांदा लावला तेव्हा अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो चष्मा पुसून वाचला. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या डायरीत पावसाळ्यात एका बाजूला कांद्याचा भाव आणि दुसऱ्या बाजूला कृष्णेची पाणीपातळी असते. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. अण्णांनी लाल पेन घेतलं आणि माझ्या कागदाखाली लिहिलं : ‘इशारा पातळी ८०० रु., धोका पातळी १००० रु.’ तेव्हापासून शनिवारी रात्री हिशेब झाला की आमच्या घरी पातळी जाहीर होते. बहुतेक वेळा पाणी पात्राबाहेरच असतं, आणि ते बाहेर काढण्यात अण्णांचा विसर्ग सगळ्यात मोठा असतो.

कारण बाजाराला कधी जायचं यावर घरात दोन पंथ आहेत. सासूबाईंचं म्हणणं, सकाळी लवकर जावं, कोवळं माळवं तेव्हाच मिळतं. अण्णांचं म्हणणं, दिवेलागणीनंतर जावं, तेव्हा बाजार उतरतो. दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच दोघंही जातात. सकाळी आई कोवळी भेंडी घेऊन येतात. संध्याकाळी अण्णा त्याच भेंडीची थोरली बहीण निम्म्या भावात आणतात. मोडायला गेलं तर मोडत नाही, पण भावानं आईंना हरवते.

एका शनिवारी अण्णांवर लक्ष ठेवायचं म्हणून संध्याकाळी मीच बरोबर गेले. तक्त्यात मेथीची एक पेंडी होती.

“मावशी, मेथी कशी?”

“वीसला एक, पन्नासला तीन.”

“एकच द्या.”

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, की मी घरच्यांना उपाशी मारायलाच निघालेय. “एका पेंडीचं काय करताय ताई? शिजली की मूठभर हुतीया. दिस मावळला, घ्या पन्नासला चार. मला बी घर गाठायचंय.”

“नको मावशी, एकच.”

मागून अण्णांचा आवाज आला, “साठला पाच देतेस का?”

मावशींनी उत्तर द्यायच्या आधी पाच पेंड्या पिशवीत होत्या. वर कोथिंबिरीच्या चार काड्या. घरी येईपर्यंत अण्णा खुशीत होते. शंभराची मेथी साठला, म्हणजे चाळीस रुपये वाचले. मला वीसचीच हवी होती, म्हणजे चाळीस गेले, हे मी रिक्षात एकदा मांडून बघितलं. अण्णा म्हणाले, “तुझं गणित कच्चं आहे.” रात्री टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून सगळं घर मेथी निवडत बसलं. शनिवारी भाजी, रविवारी पराठे, सोमवारी पिठल्यात मेथी, मंगळवारी मुटके. मंगळवारच्या अख्ख्या मसुरावर मी काट मारली तेव्हा चिरंजीव म्हणाले, “आई, आता आपण हंबरायचं का?”

किराण्याचा खर्च तरी ताब्यात असेल असं वाटेल. तोही गणपती पेठेत होलसेलला जातो. इथं मी अण्णांना एक गोष्ट मोकळेपणानं देऊन टाकते. २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या गल्लीत आलं नव्हतं, पण दूध आणि भाजीही आली नव्हती. तेव्हा घरातल्या डाळ-तांदळावर आम्ही आणि वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड तरलं. त्यामुळं पावसाळ्याआधी डाळ, तांदूळ, पीठ, तेल भरून ठेवायचं, हा त्यांचा नियम मला मान्य आहे. माझं भांडण हळदीशी आहे.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचून अण्णांचा ऊर भरून आला. “मानांकनाच्या गावात राहून पुडीची हळद खायची? लाज वाटायला पाहिजे.” गेले आणि पाच किलो हळकुंडं घेऊन आले. किलोला भाव बराच कमी पडला म्हणे. कुटून, चाळून डबे भरले. आता सहा माणसांच्या घरात महिन्याला हळद लागते फार तर दीडशे ग्रॅम. म्हणजे पाच किलो हळद पावणेतीन वर्षं पुरणार. डब्यात हळद जसजशी जुनी होते तसतसा तिचा वास उडतो, म्हणून मग जास्त घाला. त्या काळात आमच्याकडं भात पिवळा, दूध पिवळं, आणि कुणाला खरचटलं तर मलमपट्टी दूरच, आधी हळदीचा डबा. लेकीच्या मैत्रिणीनं एकदा विचारलं, “काकू, घरात लग्न आहे का?”

उपवासानं खर्च वाचतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक संकष्टी आमच्याकडं काढावी. अण्णांचा सोमवार, आईंचा गुरुवार, ह्यांची चतुर्थी. साबुदाणा, वरीचे तांदूळ, रताळी, शेंगदाणे, साजूक तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी, ते इथं चतुर्थीलाही लागू. चिरंजीवांना उपवास नसतो, पण खिचडीचा पहिला वाडगा त्यांचा, आणि नंतर रीतसर जेवणही. शिवाय चंद्रोदय साडेनऊला असला की तोवर सगळ्यांना धीर धरवत नाही, म्हणून मधेच केळी.

पोरांचं पनीर हा विषय मी थोडक्यात आवरते : दोन आठवड्यांतून एकदा, पाव किलो, आणि वाटीत किती तुकडे आले हे मोजायचं नाही. ढाब्यावरचा अख्खा मसूर मागितला तर एकच उत्तर, तिथं दोघांच्या ताटाला जे पडतं त्यात घरी सहाजण जेवतात. आणि संध्याकाळी सहाला कुणी भडंगाची पिशवी फोडली, तर त्या रात्री मी कणीक मळत नाही. भडंगावर कच्चा कांदा पडला की सांगलीचा माणूस जेवायला उठत नाही, हे लग्न होऊन आले तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. नाहीतर उरलेल्या चपात्यांचा सकाळी कुस्करा ठरलेलाच.

पण तक्त्याला खरा सुरुंग लागतो तो गावाकडून. ह्यांचे चुलतभाऊ पलूस तालुक्यात कृष्णाकाठी शेती करतात. थंडी पडली की त्यांचा फोन येतो, “वहिनी, ओळखीच्या टेम्पोतून पिशवी पाठवलीय, उतरून घ्या.” पिशवी म्हणजे पोतं. पोत्यात वांगी. आणि कृष्णाकाठचं वांगं काय असतं हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. देठाला काटे, बी कमी, चुलीवर नुसतं दाखवलं तरी शिजतं. अशी वांगी फुकट आली तर बाराशे रुपयांतले पाचशे तरी वाचायला हवेत. मी आनंदानं आठवड्याच्या भाज्यांवर रेघ मारायला पेन उचललं, तोवर आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “भरली करू या. खोबरं किती आहे बघ.”

खोबरं नव्हतं. शेंगदाणे होते, ते कुटात संपले. तीळ आणले. गूळ आणला. लसूण सोलायला लेकीला बसवलं. कांदा-लसूण चटणीची बरणी उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेली, वर्षभर पुरवायची असते, ती चार बोटं खाली गेली. आणि तेल! कोरड्या तव्यासारखी वांगी तेल पीत होती. भरल्या वांग्यावर तेलाचा तवंग दिसला नाही तर ती भरली वांगी नव्हेत, असं आईंचं मत आहे, आणि खाल्ल्यावर माझंही तेच होतं. बरोबर चपाती चालत नाही, म्हणून शाळू दळून आणला. शाळवाच्या भाकरीवर लोणी हवं, म्हणून लोणी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं म्हणतात. आमची तर कोंबडीही फुकट होती. त्या रात्री अण्णांनी बोटं चाटली, हात धुतले, डायरी उघडली आणि धोका पातळी ओलांडल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी पोतं उघडलं तर तितकंच भरलेलं दिसलं. “शेजारी देऊ या,” मी म्हटलं. हा तोडगा मला फार बिनखर्चिक वाटला. समोरच्या वहिनींना पातेलंभर, वरच्या काकूंना पातेलंभर, कोपऱ्यावरच्या आजींना चार. पोतं अर्ध्यावर आलं. मला कसं हलकं हलकं वाटलं. पण रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आपल्याकडची रीत. समोरच्या वहिनींनी पातेल्यात शेवग्याच्या शेंगा घालून पाठवल्या, त्यांच्या माहेरच्या. वरच्या काकूंचं पातेलं दुधी घेऊन आलं. दुधी एवढा लांब की पातेल्यात उभाच होता. आजींकडून काही आलं नाही म्हणून मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला, तर संध्याकाळी त्यांची नात हसत हसत दारात. हातात झाकलेला स्टीलचा डबा.

“आजीनं भरीत केलंय. म्हणाली, तुमचीच वांगी आहेत, जरा तुम्हीही चाखा.”

भरीत झकास होतं. भाजून सोललेलं वांगं, हिरवी मिरची, कांद्याची पात, वर कच्च्या तेलाची धार. त्या रात्रीचं जेवण सुटलं, एक पैसा न घालता. मी तक्त्यावर ‘फ्लॉवर-बटाटा’ खोडून ‘भरीत (आजी)’ लिहिलं, पुढं खर्चाच्या रकान्यात मोठं शून्य काढलं आणि अण्णांना बोलावून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

आईंनी डबा घासून, पुसून ओट्यावर पालथा घातला. “हा काय रिकामा द्यायचा का?” त्या म्हणाल्या. “आजींना गोड आवडतं. बेसन आहे, तूप तेवढं घेऊन ये अर्धा किलो. आणि करतोच आहोत तर चार डब्यांचे लाडू एकदमच करू. वहिनींच्या शेंगा आल्यात, काकूंचा दुधी आलाय.”

“आणि तूप किलोभर आणलं,” आतून ह्यांचा आवाज आला, “तर स्वस्त पडेल.”