कलमं गेली समुद्रात

आमच्या तात्यांची देवगडला हापूस कलमांची नर्सरी आहे. कर्जाच्या फायलीला 'कलमं कुठं कुठं जातात' त्याचा नकाशा जोडा, असं बँकेतल्या साहेबांनी सुचवलं आणि तात्यांनी विक्रीची वही माझ्यापुढे आपटली. घरात कॉम्प्युटर उघडणारा मी एकटा, त्यामुळे सुटका नव्हती.

वही एक्सेलमध्ये चढवली. नकाशाच्या प्रोग्रॅमने एवढंच विचारलं: हा रकाना कसला? शहर, जिल्हा, राज्य, पिनकोड की पत्ता?

वहीत पहिलंच नाव 'सिंधुदुर्ग'. 'शहर' निवडलं, तर सगळी कलमं मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्यावर. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हा त्याच्या गावीही नव्हता. 'रायगड'ची कलमं अलिबागला पोचलेली, टिंब मात्र महाडकडच्या गडावर. 'वाडा' तर आमच्याच तालुक्यातला, तो उमटला पालघर जिल्ह्यात.

"किल्ल्यार कलमां कोण लावतलो रे?" तात्या.

मग पिनकोड धरला. देवगडचा ४१६६१३. प्रोग्रॅमने तो आकडा समजून सगळ्या पिनकोडांची बेरीजच मारली. ती कोटींत गेली. तात्यांना वाटलं विक्री. चेहरा काय खुलला होता! खरं सांगताना जिवावर आलं. रकाना 'पिनकोड' आहे म्हणून बजावलं, पण देश सांगायचा राहिलेला. रशिया आणि चीनचेही पोस्टाचे नंबर सहा आकडीच, त्यामुळे काही टिंबं हिमालय ओलांडून गेली. देशाचा रकाना जोडल्यावर परत आली खरी, पण एका पिनकोडात किती गावं, आणि गावाच्या वाड्या किती! सगळी एकावर एक बसली.

'पूर्ण पत्ता' निवडायची तर सोयच नाही. वहीतला पत्ता असा: 'वरचीवाडी, सड्यावर, चिऱ्याच्या खाणीच्या अलीकडे, आंब्याखालचं घर'. पोस्टमन यावर डोळे मिटून पोचतो. प्रोग्रॅमने हात टेकले.

शेवटी टेम्पोवाल्या पोराने मोबाइलवरून एकेका गिऱ्हाइकाचे अक्षांश-रेखांश पाठवले. पण भरले उलटसुलट. इथले अक्षांश १६, रेखांश ७३. ते उलटले की माणूस थेट नॉर्वेच्या उत्तरेला, गोठवणाऱ्या समुद्रात.

"थंय आपला कोण गिराईक असा?" तात्यांनी चष्मा पुसला.

रकाने सुलट करायला सांगितलं, तर पोरगा टेम्पो घेऊन राजापूरला गेलेला. वैतागून मी गावं पुसून नुसते जिल्हे लिहिले आणि 'जिल्हा' निवडला. अख्खा सिंधुदुर्ग हिरवागार! रायगडला कलमं गेली असतील मूठभर, पण तोही कडेपर्यंत हिरवा. तात्या खुर्ची ओढून जवळ बसले.

"आता राज्य करून बघ मरे."

केलं. देवगडापासून गडचिरोलीपर्यंत सगळं हिरवं झालं.

"हां. ह्येचीच प्रिंट काढ."