सध्या कोणता विषय चालतो, मॅडम?

पीएच.डी.चे फॉर्म सुटले की हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी कानावर येतो. यंदा विचारणारी माझीच जुनी विद्यार्थिनी होती. एम.एस्सी. भूगोल, नेट झालेली, दीड तास एसटीत उभी राहून माझ्याकडे आलेली. वहीत तिने विषयांची यादी करून आणली होती आणि प्रत्येक विषयाच्या मागे ‘एआय’ जोडलेलं. पाऊस आणि एआय, ऊस आणि एआय, दुष्काळ आणि एआय. तिला मी अजिबात दोष देत नाही. मुलाखतीला गेलं की समितीच विचारते, “यात नवीन काय?” आणि नवीन म्हणजे काय, तर गेल्या वर्षभरात ज्याचा बोलबाला झाला ते.

त्या दिवशी तिच्याशी जे बोलले ते इथे सविस्तर लिहितेय. तिची शेवटची एसटी सव्वापाचची होती, त्यामुळे बरंच राहून गेलं.

आधी एक सांगते, हे चर्चेतले विषय पोकळ नाहीत. हवामानाच्या अंदाजात एआयने जे केलंय ते खरोखर मोठं आहे. २०२३मध्ये गुगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट हे हवामानाचा अंदाज काढणारं एआय आलं. महासंगणकाला ज्या कामासाठी तास लागायचे, तो दहा दिवसांचा अंदाज एका छोट्या यंत्रावर मिनिटभरात निघू लागला. २०२५च्या खरिपात आपल्याकडे ३.८ कोटी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर मान्सूनचा असा अंदाज पोचला. पेरणी चार दिवस पुढे ढकलायची की नाही, हे ठरवताना त्या मेसेजची किंमत काय असते ते कोरडवाहूवाल्याला विचारा.

पण हे यंत्र शिकलं कशावरून? १९७९पासूनच्या जवळजवळ चाळीस वर्षांच्या हवामानाच्या नोंदींवरून. उपग्रह, जहाजं, हवेत सोडलेले फुगे आणि जमिनीवरच्या केंद्रांत रोज ठरल्या वेळी घेतलेली मोजमापं. ती सगळी एकत्र विणून पृथ्वीचा चौकोनाचौकोनांचा एक नकाशा तयार केला आहे आणि त्यातला एक चौकोन साधारण २७-२८ किलोमीटरचा आहे.

आता आपल्या सह्याद्रीत या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट उतरून वाईला आलं की तो हजारसुद्धा भरत नाही. दोन्ही गावांतलं सरळ रेषेतलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे यंत्राच्या एका चौकोनात भातखाचरंही मावतात आणि पर्जन्यछायेतलं ज्वारीचं रानही. तिथे खरं-खोटं करायचं तर गावातल्या पर्जन्यमापकाची वही लागते. एका गावाची, रोजची आणि वर्षानुवर्षांची.

ही वही किती लांबवर कामाला येते याचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण मुंबईतलं आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६मध्ये उभारली आणि १८४०च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. उपकरणावरचा आकडा डोळ्यांनी वाचायचा आणि लिहून ठेवायचा, रात्रंदिवस. सप्टेंबर १८५९च्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला सूर्यावरून आलेलं प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेतल्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. उत्तरेकडच्या वेधशाळांत उपकरणांचे काटे पट्टीच्या बाहेर गेले, त्यामुळे वादळ नेमकं केवढं होतं हे तिथल्या कागदांवरून कळेना. कुलाब्यात मात्र माणसं थोड्या थोड्या वेळाने आकडा टिपत राहिली.

ती पानं त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं होती तिथेच होती. २००३मध्ये आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि एस. अलेक्स यांनी अमेरिकेच्या ब्रूस त्सुरुतानी यांच्यासोबत त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुलाब्याला चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलं होतं. मे २०२४मध्ये अशाच एका सौर वादळामुळे लडाखच्या हानले गावातून आकाश लाल दिसलं, ते फोटो आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केले. वादळाची ताकद सांगणारा एक जागतिक निर्देशांक असतो; तो जितका उण्यात खाली, तितकं वादळ मोठं. त्या वादळाचा निर्देशांक उणे ४००च्या आसपास होता. १८५९च्या वादळाचा अंदाज उणे १७००च्या पुढे जातो.

आज ‘अंतराळ हवामान’, म्हणजे सूर्यावरच्या अशा वादळांचा आणि त्यांच्या परिणामांचा अभ्यास, हा जगभरचा तापलेला विषय आहे. १९८९च्या सौर वादळात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली. फेब्रुवारी २०२२मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले जवळपास चाळीस उपग्रह एका मध्यम वादळाने खाली पडले. आपलं आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४पासून सूर्यावर डोळा ठेवून आहे. या सगळ्या अभ्यासात वाईटात वाईट काय होऊ शकतं याचं माप काढायला बसलं की जगाला कुलाब्याची पानं उघडावी लागतात.

त्याच वेधशाळेची पुढची गोष्ट मला वर्गात सांगताना दरवेळी भरून येतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या धावायला लागल्या की चुंबकाच्या नोंदी बिघडणार. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी पर्यायी जागा शोधली अलिबागला. लोखंड न वापरता इमारत बांधली आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या वहीचा धागा नव्या वहीला नीट जुळावा म्हणून. पुढे कोण कशासाठी वापरणार, याची तेव्हा कोणालाच कल्पना असणं शक्य नव्हतं. तरीही दोन वर्षं दुप्पट काम!

दुसऱ्या विषयांतही हेच दिसतं. २०२४चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल ज्या अल्फाफोल्ड या एआयच्या कामासाठी मिळालं, ते प्रथिनांचे आकार शिकलं ते १९७१ला अवघ्या सात रचनांवर सुरू झालेल्या सार्वजनिक संग्रहातून. पन्नास वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यात भर घातली. आणि आपलं इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथल्या प्राचीन घरांच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून पुरलेली लहान मुलं सापडली. तेव्हा ‘हवामानबदल’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पण ती इवलीशी हाडं नंबर घालून जपली गेली. पुढे त्यांच्यावरून, पाऊसमान बिघडत गेलं तशी मुलांची वाढ कशी खुंटत गेली, याचा अभ्यास झाला. तीन हजार वर्षांपूर्वीचं महाराष्ट्रातलं कुपोषण!

आता जे लिहायचंय ते जड जातंय.

मी ज्या कॉलेजात पहिली नोकरी केली, तिथे भूगोल विभागाच्या मागे तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. आमचे शिपाईमामा रोज सकाळी साडेआठला तिथे जायचे. मोजपात्र डोळ्याच्या रेषेत धरायचे, पाण्याची पातळी बघायचे आणि रजिस्टरात मिलिमीटर लिहायचे. दिवाळीची सुट्टी असो नाहीतर घरात लग्न असो. पाऊस नसला तर त्या रकान्यात ‘निरंक’. मी नवीन होते. एकदा विचारलं, “मामा, मे महिन्यात कशाला जाता? ऊन तर दिसतंय.” मामा म्हणाले, “बाई, न बघता निरंक लिवलं तर ते खोटं व्हतंय. बघून लिवलं तरच खरं.” संशोधनपद्धतीवर मी पुढे कितीतरी व्याख्यानं ऐकली. हे वाक्य त्या सगळ्यांच्या वर आहे.

१९६९पासूनची रजिस्टरं होती. १९७२ची पानं मी स्वतः पाहिली आहेत. ऑगस्टात एकाखाली एक निरंक, निळ्या शाईत, आणि मध्ये एका दिवशी २.४. त्या २.४ला कोणीतरी दोनदा अधोरेखित केलं होतं. मामांच्या आधीच्या माणसाने असेल. दुष्काळात आलेली ती एक सर त्या माणसाने कशी पाहिली असेल, हे त्या दोन रेघांत दिसत होतं.

काही वर्षांनी तपासणी समिती येणार म्हणून विभागाची सफाई झाली. मी बाळंतपणाच्या रजेवर होते. परत आले तेव्हा कपाटाला नवा रंग होता आणि आत पुरस्कारांच्या ट्रॉफ्या. रजिस्टरं रद्दीत, किलोच्या भावाने. मामा तोवर निवृत्त झाले होते. त्यांना हे सांगायचं धाडस मला आजवर झालं नाही.

म्हणूनच ‘चालणारा विषय’ म्हटलं की माझा जीव तुटतो. आपल्या व्यवस्थेत शोधनिबंधाला गुण आहेत, परिषदेत पेपर वाचायला गुण आहेत. वीस वर्षं रोज साडेआठला कुंपणात जाण्याला शून्य. निबंधांच्या या शर्यतीने काय केलं तेही बघा. २०२३ या एकाच वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यातले कितीतरी त्या त्या वेळच्या गरम विषयांवरचेच होते. माझं ठाम मत आहे की जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाला एक तरी नोंद अखंड चालवण्याची सक्ती हवी. पाऊस, विहिरीची पातळी, आंब्याला मोहोर कधी आला, काहीही. आणि ती चालवणाऱ्या माणसाचं नाव, मग तो शिपाई का असेना, त्यावर निघणाऱ्या प्रत्येक निबंधात आलं पाहिजे.

त्या विद्यार्थिनीला मी म्हटलं, “अगं, एआय शिक, जरूर शीक. पण यंत्राचा चौकोन तुझ्या तालुक्यात कुठे चुकतो ते तू दाखव. त्यासाठी आधी वह्या शोध.” ती जरा हिरमुसली. वह्या शोधणं हे काही संशोधन वाटत नाही ना.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. त्यांच्या भागातल्या एका जुन्या साखर कारखान्याच्या शेतकी विभागात पावसाची रजिस्टरं मिळाली आहेत. काहींना वाळवी लागली आहे, पण अकरा वर्षांची सलग आहेत. कारखान्यातले काका बाहेर न्यायला देत नाहीत, म्हणून ती रोज दुपारी तिथे बसून एकेका पानाचा फोटो काढते. “मॅडम, कुठे कुठे रकाना मोकळाच आहे. तिथे शून्य धरू का?”

मी म्हटलं, “नको. मोकळा तो मोकळाच ठेव. निरंक लिहिलं असेल तिथेच शून्य.”