पोट धुणे आणि ‘बघत बसणे’: एका आक्षेपाला उत्तर

आपण सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाचे पोट धुऊ नये, हे माझे विधान आपणांस धोक्याचे वाटले, आणि डॉक्टर नुसते बघत बसले तर तोवर विष अंगात भिनते, असे आपले म्हणणे आहे. विष भिनते हे खरेच. पण नळी घालून ते पुरेसे बाहेर काढता येते, ही समजूत मात्र तपासणीत टिकलेली नाही. तासाभरानंतर हाती लागते ते फारच थोडे, आणि अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाची उलटी श्वासनलिकेत गेली, तर होणारा न्यूमोनिया मूळ विषाइतकाच घातक ठरू शकतो. ॲसिड किंवा रॉकेल प्यायलेल्याला तर मुद्दाम उलटी करवणे वर्ज्यच आहे. अमेरिकी व युरोपीय विषतज्ज्ञांच्या संघटनांनी पोट धुणे हा सरसकट उपचार नव्हे, असे १९९७ मध्येच संयुक्तपणे सांगितले. गिळलेले विष शोषून धरणारा सक्रिय कोळसा लवकर, शक्यतो तासाभरात, आणि रुग्ण नीट शुद्धीवर असेल तर देतात; लोह, लिथियम, अल्कोहोल यांवर तोही निरुपयोगी.

अफूवर्गातील औषध जास्त झालेला रुग्ण पाहा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाकेला ओ नाही, आणि छाती मिनिटाला जेमतेम चार-पाच वेळा हलते. अशा वेळी पोटात काय उरले याला महत्त्व नाही. आधी मास्क लावून पिशवीने श्वास द्यायचा, मग श्वास पुरेसा होईपर्यंत नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गातील औषधांवरचा उतारा, थोडे थोडे टोचायचे. रुग्ण उठून बसला तरी त्याला लगेच घरी सोडत नाहीत, कारण नॅलोक्सोनचा प्रभाव साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, तर मेथाडोनसारखे अफूवर्गातील औषध त्यानंतरही कित्येक तास टिकते.

पॅरासिटामॉलचे अगदी उलट. पहिल्या दिवशी फार तर मळमळ असते, आणि यकृताची हानी उघड होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रक्तातील पातळी गोळ्या घेतल्यापासून चार तासांनी मोजतात, कारण त्याआधीचा आकडा फसवा असतो. आपण ज्याला वेळकाढूपणा म्हटलेत, तो हाच. ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे पॅरासिटामॉलवरचा उतारा, आठ तासांच्या आत सुरू झाले तर यकृत बहुधा वाचते, आणि रुग्णच उशिरा आला असेल तर अहवालासाठी थांबत नाहीत.

उलटी व्हावी म्हणून आपण सुचविलेले मिठाचे पाणी मात्र कुणालाही पाजू नये. त्याने रक्तातील सोडियम जीवघेणे वाढल्याच्या नोंदी आहेत. त्याऐवजी रिकामी बाटली किंवा गोळ्यांची पाकिटे आणि घेतल्याची अंदाजे वेळ घेऊन रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.