'विषय काढला की डोक्यात भरतं' म्हणे

गावात आत्महत्या रोखण्याचं प्रशिक्षण होणार म्हटलं की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: "विषय काढला की डोक्यात भरतं. बोलणारा करत नाही आणि करणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही. हे डॉक्टरांचं काम, आशाताई काय करणार? समुपदेशनाने सातबारा कोरा होतो का?" शेवटचा प्रश्न सोडला तर बाकी सगळं चूक. शेवटचाही अर्धाच बरोबर.

डोक्यात भरण्याची भीती समजण्यासारखी आहे, म्हणून तर ती तपासली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या 6 शाळांमधल्या 2,342 मुलांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांमध्ये तर तो कमी दिसला. प्रशिक्षणात हेच शिकवतात. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?" असं सरळ विचारायचं, उपदेश न करता ऐकायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही. "तसलं काही नाही ना रे मनात?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "छे!"

'बोलणारा करत नाही' हेही खोटं. गेलेल्यांपैकी अनेकांनी आधी कुणाला तरी काहीतरी सांगितलेलं असतं. "आता माझं काय काम उरलंय" हे आपण ऐकतो आणि हसण्यावारी नेतो.

अडवता येत नाही? श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि 1995 नंतरच्या 20 वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. तो टोकाचा क्षण बहुधा टळतो, हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात ठेवा, हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

राहिल्या आशाताई. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाने गावातलीच माणसं तयार केली. तिथे 'डिप्रेशन' म्हटलं तर कोण येणार? लोकांचा शब्द 'टेन्शन'. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचं सांगणारे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाचंच असं मी म्हणणार नाही. पण "काय करणार" याचं उत्तर यात आहे.

आता सातबारा. समुपदेशनाने तो कोरा होत नाही, मान्य. कर्ज आणि शेतमालाच्या भावाचा प्रश्न सरकारनेच सोडवायचा आहे आणि प्रशिक्षणाच्या नावाखाली सरकारला त्यातून सुटका मिळू नये. पण 2022 साली महाराष्ट्रात नोंदल्या गेलेल्या 22,746 आत्महत्यांपैकी शेतकरी आणि शेतमजूर 4,248 होते. हा आकडा कमी धरलेला असणार, कारण शेतात राबणाऱ्या कितीतरी बायकांचं नावच सातबाऱ्यावर नसतं. तरीही उरलेल्या हजारोंचं काय? परीक्षेत नापास झालेल्या पोराला कोणती कर्जमाफी द्यायची?

खरी टीका करायची तर ती वेगळीच आहे. एका दिवसाचं शिबिर, चहा-बिस्किटं, बॅनरसमोर फोटो, आणि पुढे पाठपुरावा शून्य. शिकलेलं काही महिन्यांत विरतं. 'विश्राम'मध्ये गावातल्या कार्यकर्तीच्या मागे समुपदेशक होता आणि त्याच्या मागे डॉक्टर. इतर ठिकाणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तरी आहे, तोही चोवीस तास. ताईने कुणाला तरी बोलतं केलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञाची खुर्ची रिकामी, तर ती त्या माणसाला घेऊन जाणार कुठे, हे विचारणारा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.