गधैया, गावाचं नाव आणि सावंतकाकांची प्रतिक्रिया

सावंतकाका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि चांगलीच झोंबणारी आहे. खाली दोन ओळी खरडून भागणार नाही, म्हणून वेगळंच लिहायला घेतलं. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अलिबागकडच्या अष्टागरातल्या एका वाडीत माडासाठी खड्डा खणताना गधैया नाणी, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची हिणकस चांदीची नाणी निघाली, त्यावर मी लिहिलं होतं. गावाचं नाव मुद्दाम दिलं नव्हतं. असं काही हाती लागलं तर घासूनपुसून लख्ख करू नका आणि सरकारला कळवा, असंही सुचवलं होतं.

त्यावर काकांचं म्हणणं असं. गधैया ही गुजरातच्या व्यापाऱ्यांची चिल्लर, कोकणच्या इतिहासाला तिचा काय उपयोग? खारेपाटणचा ताम्रपट असताना असल्या ओबडधोबड तुकड्यांचं कौतुक कशाला? गावाचं नाव लपवणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास. आणि सरकारला कळवून शेतकऱ्याच्या पदरात फक्त हेलपाटे पडतात. विलायतेत बघा, धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं धुंडाळणारे लक्षाधीश होतात.

ओबडधोबड, हे कबूल. नाण्यावर राजाचा चेहरा आहे हे आधी सांगावं लागतं, तेव्हा कुठे तो दिसतो. नाकाच्या जागी एक लांब रेघ, डोळ्याच्या जागी ठिपका, कानातल्या-गळ्यातल्या दागिन्यांच्या जागी ठिपक्यांची ओळ. उलट बाजूला आडव्या रेघांची उतरंड आणि दोन्ही अंगांना काही उभे फटकारे. ती उतरंड म्हणजे अग्निकुंड आणि ते फटकारे म्हणजे त्याच्या दोन बाजूंना उभे असलेले सेवक. मूळ इराणचं. सासानी राजा पेरोझ (इ. स. ४५९ ते ४८४) याचं चांदीचं नाणं हूणांबरोबर इकडे आलं, लोकांच्या विश्वासाला उतरलं आणि मग गुजरात, राजस्थान, माळवा, कोकण इथे पुढची काहीशे वर्षं त्याच्या नकला पडत राहिल्या. एका ठसेकाराने दुसऱ्याची नक्कल करायची, त्याची तिसऱ्याने. आपल्याकडे घरोघरी आरतीचं होतं तसंच हे. ऐकून ऐकून शब्द पार बदलतात, अर्थ विचारला तर सगळे एकमेकांकडे बघतात, पण ताल कुणाचा चुकत नाही. इथे ताल म्हणजे वजन. चित्र बिघडत गेलं, चांदीत तांबं वाढत गेलं, तरी चार ग्रॅमच्या आसपासचं वजन बऱ्यापैकी टिकून राहिलं. बाजारात घेणाऱ्याला राजाचं नाक सरळ आहे की वाकडं याच्याशी काय देणंघेणं!

आता 'गुजरातची चिल्लर' याबद्दल. उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्यातला छित्तराज, अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातला. अंबरनाथचं शिवमंदिर त्याच्या काळात सुरू झालं असं मानतात. त्याने याच घडणीच्या नाण्यावर नागरीत स्वतःचं नाव घातलेलं आहे. ठाण्याहून राज्य करणारा राजा नवं, देखणं नाणं पाडू शकला असता. त्याने तसं केलं नाही. लोक जे ओळखतात तेच घेतलं आणि वर नाव टाकलं. ज्या नाण्यावर आपल्या राजाने आपलं नाव घातलं ते परक्याचं कसं म्हणायचं, काका?

खारेपाटणच्या ताम्रपटाविषयी तुम्ही जे लिहिलंत त्यावर मी एक अक्षरही उणं बोलणार नाही. वाघोटण खाडीकाठच्या माणसाने त्याचा अभिमान बाळगायचा नाही तर कुणी? शके ९३०, म्हणजे इ. स. १००८, दक्षिण कोकणचा शिलाहार रट्टराज. आणि तो पट पहिल्यांदा वाचून छापणारे बाळशास्त्री जांभेकर तुमच्या शेजारच्या पोंभुर्ल्याचे, हेही किती जुळून आलंय. पण त्यात काय लिहिलंय ते परत एकदा बघा. अव्वेश्वराच्या देवळाला गावं दिली. शिवाय द्वीपांतराहून, म्हणजे परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्णगद्याण (सोन्याचं नाणं) आणि कंदलमूलीय नावाच्या ठिकाणाहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण (हेही त्या काळचं चलन). देवळाच्या सेवेला तेल्याचं घर, माळ्याचं घर, कुंभाराचं, परटाचं.

जहाजाचा मालक सोनं मोजत होता, हे कळलं. पण त्या तेल्याने मीठ कशाने घेतलं? कुंभाराच्या हातावर काय पडत होतं? ताम्रपट राजाच्या कचेरीतून निघतो. काय द्यायचं ठरलं ते तो सांगतो. माणसांच्या हातातून खरोखर काय फिरत होतं ते मातीतच सापडतं, आणि ते असंच वेडंवाकडं, हिणकस चांदीचं असतं. दोन्ही लागतात. मी ताम्रपटाच्या विरुद्ध चिल्लर उभी करत नाहीये. नुसता ताम्रपट धरून बसलं तर हजार वर्षांपूर्वीचं कोकण म्हणजे फक्त राजे, ब्राह्मण आणि जहाजमालक, असं वाटायला लागतं.

इथून पुढे माझा खरा मुद्दा. नाणं सुटं हाती आलं तर ते फारसं बोलत नाही. कुठे होतं, किती खोल होतं, कशाबरोबर होतं, यावर सगळं अवलंबून. उदाहरण कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचं. त्याची छोटी चांदीची नाणी, एका बाजूला राजाचं मुख आणि दुसऱ्या बाजूला नंदी, साष्टीत आणि मुंबईतही मिळालेली आहेत. कृष्णराज सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे ती नाणी जिथे मिळाली तिथली वस्ती सहाव्या शतकातली का? छे. नाशिकजवळच्या अंजनेरीला मिळालेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात, इ. स. ७१० च्या सुमाराला, याच कृष्णराज-रूपकांत (कृष्णराजाच्या चांदीच्या नाण्यांत) रक्कम सांगितलेली आहे. राजा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, घराणं बुडालं होतं, नाणं मात्र चालूच होतं.

याहून भारी उदाहरण वसईजवळच्या सोपाऱ्याचं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथलं बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखलं जाणारं टेकाड खणलं. आत स्तूप, स्तूपात दगडी पेटी. पेटीच्या मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती काशाच्या आठ छोट्या मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. करंडकात करंडक, शेवटी सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भांड्याचे तुकडे. त्याच पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणंही मिळालं. नाणं दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे जुना स्तूप पुढे कधीतरी कुणीतरी उघडला, मूर्ती मांडल्या आणि परत नीट बंद केला. कोकणात बौद्ध धर्म इतक्या उशिरापर्यंत नांदता होता, हे त्या पेटीतून कळतं. पंडितजींच्या आधी एखादा गुप्तधनवाला तिथे पोचला असता तर नाणं एका सराफाकडे, मूर्ती दुसऱ्याकडे आणि मातीचे तुकडे उकिरड्यावर गेले असते. मूर्ती देखण्याच राहिल्या असत्या, पण आपल्याला काय कळलं असतं? काही नाही.

चिंचणीचंही तेच. १९५५ साली डहाणू तालुक्यात चिंचणीला ताम्रपटांचे पाच संच एकत्र मिळाले. दहाव्या शतकापासून अकराव्यापर्यंतचे, वेगवेगळ्या राजवटींचे. एकात तर राष्ट्रकूट राजांच्या वतीने संजाणचा कारभार बघणारा मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे मुहंमद नावाचा अरब अधिकारी आहे, आणि त्याच्या काळात देवीच्या मठिकेला (छोट्या मठाला) दान दिलं जातंय. पाचही एका जागी होते म्हणून लक्षात आलं की एका संस्थेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं हे दप्तर आहे. फुटून पाच ठिकाणी गेले असते तर कुणी कुणाशी जोडले असते?

आमच्याकडच्या नाण्यांतही असंच झालं, ते मूळ लेखात फार घाईत उरकलं होतं. त्या घरी नाणी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. त्यांतली दोन घरातल्या आजींनी आमसुलाने घासली होती, जसं घंगाळ घासतात तसं. त्यात त्यांचा काय दोष? तांबं हिरवं पडलं की घासायचं, हे त्या लहानपणापासून करत आल्यात. ती दोन झाली लालसर-पांढरी, चेहऱ्याचे ठिपके अर्धे गेलेले. उरलेल्यांवर मात्र हिरव्या किटाचा जाड थर होता. आपली लाल माती, आंबटपणा, चार महिन्यांचा पाऊस, शिवाय खारं वारं. हिणकस चांदीतलं तांबं बाहेर येणारच. भिंगातून बघितलं तर त्या थरात एका नाण्यावर बारीक उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी स्पष्ट दिसत होती. कापड कधीच कुजून गेलं, पण कुजता कुजता त्याची वीण किटात उमटून राहिली. म्हणजे हे वाटेत पडलेले पैसे नव्हेत, फडक्यात बांधून ठेवलेली कुणाची तरी पुंजी. घासलेल्या दोन नाण्यांवर ही जाळी होती का, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. खड्ड्यात मडक्याची खापरंही होती म्हणे; ती मातीबरोबर बांधावर टाकली गेली आणि वर पालापाचोळा पडला.

आता गावाच्या नावाकडे येतो. अविश्वास गावावर नाही हो काका, माझा अविश्वास इंटरनेटवर आहे. 'अमक्या वाडीत जुनी नाणी' एवढं लिहायचा अवकाश, की यंत्रवाले आणि भगत दोघेही हजर. यंत्रवाला रात्री बांध फोडतो. भगत कोंबडं मागतो. त्याहून भयंकर काय काय मागितलं जातं ते आपण पेपरात वाचतोच, आणि त्यामुळेच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा वेगळा उल्लेख करावा लागला. वाडी ज्यांची, त्यांना हा ताप मी का द्यावा? पूर्ण ठिकाण कागदावर आहे आणि ज्यांना द्यायचं त्यांना दिलेलं आहे.

आणि गंमत म्हणजे, तुम्ही ज्या विलायतेचा दाखला दिलात तिथेही हेच करतात. तिथे १९९७ पासून शेतात सापडलेल्या वस्तू नोंदवायची योजना आहे. दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात आणि त्या कुणालाही घरबसल्या बघता येतात. पण नेमकी जागा सर्वांना दाखवत नाहीत. साधारण परिसर दाखवतात. नाजूक प्रकरण असेल तर तेवढाही नाही.

लक्षाधीशांचं म्हणाल तर तेही खरं. २००९ साली स्टॅफर्डशायरच्या नांगरलेल्या शेतात सातव्या शतकातल्या सोन्याचा मोठा साठा निघाला, त्याची किंमत तेहतीस लाख पौंडांच्या घरात ठरली आणि शोधणारा व शेतमालक यांच्यात वाटली गेली. पण त्यांनी तो जाहीर केला म्हणून! २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोघांना नवव्या शतकातला साठा मिळाला, तो त्यांनी दडवला आणि नाणी परस्पर विकायला काढली. सुमारे तीनशे नाणी असावीत, त्यांना शिक्षा होईपर्यंत परत मिळाली तीसएक. २०१९ मध्ये दोघे तुरुंगात गेले. त्या मोजक्या नाण्यांवरही वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्शियाचा चेओलवुल्फ हे तेव्हाच्या इंग्लंडमधले दोन राजे बरोबरीने दिसतात. जुन्या बखरीने ज्याला दुसऱ्याच्या तालावर नाचणारा मूर्ख ठरवलं होतं, तो चेओलवुल्फ नाण्यांवर आल्फ्रेडचा जोडीदार निघाला. उरलेल्या नाण्यांनी आणखी काय सांगितलं असतं?

हेलपाट्यांच्या बाबतीत मात्र मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. आपल्याकडे अजून १८७८ चा निखात निधी कायदा चालतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मालक कुणी निघाला नाही आणि सरकारने घेतलं नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारने घ्यायचं ठरवलं तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. चार ग्रॅम हिणकस चांदीची किंमत, त्यावर वीस टक्के! एसटीचं भाडं सुटलं तरी खूप. ज्या इंग्रजांनी हा कायदा आपल्याला दिला त्यांनी आपल्या घरचा १९९६ मध्ये बदलला आणि तिथे आता बाजारभाव मिळतो. आपल्याकडेही बाजारभाव आणि वर संग्रहालयात शेतकऱ्याच्या नावाची पाटी, एवढं झालं तरी लोक आपणहून पुढे येतील, असं माझं मत आहे. एका कचेरीत माझ्यासमोर अशा अर्जाची पोहोच द्यायला टाळाटाळ झालेली मी पाहिली आहे, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. तरीही कळवाच म्हणेन. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर शिक्का घ्या, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घाला, खोली लिहा, फोटो जोडा. रत्नागिरीला राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय आहे, एक प्रत तिकडेही पाठवा. नाणी एकेक वेगळी, कोरड्या कागदात. आणि खापरं टाकू नका, ज्या मडक्यात निघालं ते मडकंही नाणंच समजा.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमच्या देव्हाऱ्यात आजोबांच्या वेळचे असेच दोन जाड पैसे आहेत आणि दर गणपतीला ते चिंचेने उजळले जातात. काका, यंदा तेवढं उजळणं टाळा. फुलं वाहा, गंध लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी पट्टी ठेवून, सकाळच्या तिरक्या उन्हात काढा आणि मला पाठवा. आजोबांना ते कुठल्या मळ्यात मिळाले, की कुणी आणून दिले, हे घरात सगळ्यात वयस्क कोण असेल त्यांना विचारून वहीत टिपून ठेवा. हे काम आधी करा, फोटो मागाहून झाले तरी चालतील. वजन सोनाराकडे करून घ्या, पण त्याच्या हातात फार वेळ राहू देऊ नका, तो सवयीने पॉलिश करून देईल.